सहा फूट लांबीची गाडी

पौष लागला की पूर्णेच्या पात्रातून पहाटेचं धुकं उठतं आणि आमच्या गावाकडं चालू लागतं. त्याला घाई नसते. आधी काठावरच्या बाभळी जातात, मग गव्हाचं रान, मग कुणाची तरी कापणीला आलेली तूर. शेवटी आमच्या रोपवाटिकेची हिरवी जाळी दिसेनाशी होते आणि मी अंगणात कपबशी धरून उभी असते तेवढीच उरते. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबेचा आंबूस वास तेवढा येत राहतो. नांदुऱ्याला रेल्वे भोंगा देते तो आवाज धुक्यात दिशा हरवून बसतो. कधी वाटतं, कांद्याच्या वाफ्यातूनच आला.

काल सकाळी यंदाचं पहिलं धुकं आलं आणि मला चार वर्षांमागचा हिवाळा आठवला. त्या हिवाळ्यात मी सायकलमागची गाडी घेतली.

त्या साली प्रल्हादच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, मणक्याची गादी सरकली. डॉक्टरांनी ओझं बंद केलं, मोटारसायकल बंद केली, वाकणंसुद्धा बंद केलं. आणि नेमकं तेव्हाच कांद्याचं रोप तयार झालं होतं. रोप थांबत नाही. सात-आठ आठवडे झाले की उपटून ओल्या पोत्यात बांधायचं आणि त्याच दिवशी लावणीच्या रानात पोचवायचं. चार दिवस लांबलं की त्याची मान जाड होते, मग ते लावून उपयोग नसतो. तोवर प्रल्हाद मोटारसायकलवर दोन्हीकडं पोती टाकून जायचा. मला मोटारसायकल येत नाही. सायकल येते, शाळेपासूनची आहे. ऑटोत टाकावं तर निम्मी गिऱ्हाइकं पांदणीच्या, शेतांमधल्या कच्च्या वाटेच्या, टोकाला, तिथं ऑटोवाले आत शिरत नाहीत.

म्हणून सायकलला मागं जोडायची गाडी घ्यायची ठरलं. मोबाइलवर मी चित्रं पाहिली. परदेशातल्या हलक्या, चकचकीत गाड्या, त्यांत गुबगुबीत मुलं आणि कुत्री बसलेली, मागं नारंगी झेंडी. आमच्या पांदणीत त्या गाडीचं काय होईल याचा विचार करून मला हसू आलं. मग नांदुऱ्याला रफिकभाईंकडं गेले. वेल्डिंगच्या दुकानात हा माणूस डोळ्यावरचा काळा चष्मा कपाळावर चढवून बोलतो, आणि बोलतो तेव्हा हातातलं काम थांबवतो.

“भाभी, तीन गोष्टी सांगा. काय न्यायचं, किती न्यायचं, कोणत्या रस्त्यानं न्यायचं.”

मी सांगितलं.

“मंग एका चाकाची घेऊ नका. पांदणीत ते बरं चालते, पण पोतं जरा सरकलं का कलंडते. दोन चाकाची घ्या. रुंदी तुमच्या हँडलएवढीच ठेवा. जिथून हँडल गेलं तिथून गाडी गेली, मागं पाहाचं काम नाई. जोडाची कडी सीटखाली लावू नका, वळताना सायकलले आडवी पाडते. खाली, मागच्या चाकाच्या आसापाशी लावाची. आन् वजन गाडीच्या आसाच्या जरासंक पुढं. मागं गेलं तं सायकलच उचलते.”

असं ते मन लावून सांगत होते. मी वहीत लिहून घेतलं. पण गाडी बनवून द्यायला त्यांना पंधरा दिवस हवे होते, आणि माझं रोप तेवढं थांबणार नव्हतं.

स्टेशनाजवळ पंक्चरवाल्याकडं सहज चौकशी केली, तर तो म्हणाला, रुळापलीकडच्या गल्लीत एका बाईकडं तयार गाडी पडून आहे. “चांगली हाय,” असं म्हणून तो हवा भरत राहिला. मग थोड्या वेळानं, वर न पाहता, “पण तुमची तुमीच पाहा.”

त्या बाईंचं नाव शांताबाई. साठीच्या, सडपातळ, कपाळ मोकळं. मी त्यांना मावशी म्हटलं. अंगणात गाडी उभी होती, वर गोधडी झाकलेली. त्यांनी गोधडी काढली ती ओढून नाही. एका टोकापासून घडी घालत घालत काढली. खालची गाडी पाहून मी मनातल्या मनात रफिकभाईंची यादी वाचली. दोन चाकं, सायकलचीच, आरे घट्ट. रुंदी हँडलएवढी. कडी खाली, आसापाशी. तळाला जाड फळ्या, घासून गुळगुळीत केलेल्या. कठडे बुटके. दोन्ही अंगांना लोखंडी कड्या, दोन-दोन. फक्त लांबी जास्त होती. सहा फूट.

“एवढी लांब काऊन?” मी विचारलं.

“त्याईनं बनवली तशी.” त्याई म्हणजे त्यांचे मालक, किसनभाऊ. दोन वर्षांमागं वारले होते.

“काय न्यायचे ते?”

“लोकाईचंच नेत,” शांताबाई म्हणाल्या. “ज्याचं कोणी नेत नाही ते.”

मला वाटलं, भंगार, मोडकी कपाटं, असलं काही. अंगणात पाच-सहा कोंबड्या होत्या. साऱ्या अंगणभर त्या टोचत फिरत होत्या, चुलीजवळ, दोरीखाली, माझ्या पायांपाशी. गाडीखाली ऊन पडलं होतं, दाणेही पडलेले दिसत होते, पण तिथं एकही गेली नाही. हे मी तेव्हा पाहिलं होतं. त्याचा विचार मात्र पुढं केला.

कांद्याचं रोप न्यायला घेते म्हणाले आणि सायकल जोडली. निघताना शांताबाईंनी कडब्याची पेंढी आणून गाडीत आडवी टाकली.

“रिकामी नेऊ नको, माय. कवाच नेऊ नको. काही नसलं तं एक पेंढी टाकाची.”

मी हो म्हटलं. जुनी माणसं अशा रीती पाळतात, रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, तसलंच हेही असेल असं समजून चालले.

ती गाडी फार सुंदर चालायची, हे मला आधी सांगितलं पाहिजे. ऐंशी जुड्या भरल्या तरी मागं काही आहे असं वाटायचं नाही. खड्ड्यात आदळायची नाही. आवाज नाही. धुक्यातून मी जायची तेव्हा माझ्या साखळीचा आवाज आणि माझा श्वास, बस. पहिल्या तीन-चार दिवसांत मला अभिमान वाटला होता की काय गाडी निवडली.

मग माझ्या लक्षात येऊ लागलं की रस्ता माझ्यासाठी मोकळा होतो. गावाबाहेरच्या वळणावर तीन कुत्री असतात, सायकल दिसली की पोटऱ्यांपर्यंत येणारी. ती गप्प झाली. नुसती गप्प नाही, उठून कडेला उभी राहिली. गाडी जाईपर्यंत तशीच. दुधाचे कॅन घेऊन येणारा एक म्हातारा दुरून मला पाहून सायकलवरून उतरला, पायातल्या चपला काढल्या आणि खाली पाहत उभा राहिला. मी जवळून गेले तेव्हा माझ्याकडं नाही, माझ्या मागं पाहत होता. मला वाटलं, पायात खडा गेला असेल. माणूस स्वतःला किती सहज पटवतो.

आणि एका सकाळी, धुकं एवढं की पुढचं चाकही पुसट दिसत होतं, रस्त्याच्या कडेला शेण गोळा करणारी एक बाई मला थांबवून म्हणाली,

“कोणाले नेऊन राह्यली, माय?”

मी ऐकलं ते बरोबर ऐकलं का, असं वाटलं. काय नेते असं विचारतात. कोणाला नेते असं कोणी विचारत नाही.

“कांद्याचं रोप आहे, मावशी.”

तिनं पोत्याकडं पाहिलं. ओलं पोतं, कड्यांना सुतळीनं बांधलेलं, लांबट. शेणाचे हात पदराला पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. मला नाही. पोत्याला.

त्या दिवशी लावणीवाल्या बायकांना जुड्या मोजून देताना माझी बोटं गार पडली होती. थंडीचे दिवस होते, बोटं गारच असतात. पण त्या दिवशी मी परत येताना गाडीत पेंढी टाकायला विसरले होते, आणि रिकामी गाडी मागं खडखडू लागली. भरलेली असताना जिचा आवाज नाही ती रिकामी झाली की बोलायला लागायची. खड-खड, थांबून परत खड-खड, जसं कुणी बोटांनी फळीवर वाजवतं. मी पायडल जोरात मारलं. आवाजही जोरात. शेवटी उतरले, शेताच्या धुऱ्यावरचं गवत उपटलं आणि ओंजळभर त्यात टाकलं. ओंजळभर गवतानं आवाज बंद होणार नाही हे मला कळत होतं. पण बंद झाला, की मी ऐकायचं बंद केलं, आज सांगता येत नाही.

दोन दिवसांनी प्रल्हाद काठी टेकत अंगणात आला. बिछान्यावर पडून पडून कंटाळलेला, त्याला थट्टेची लहर आली.

“पाहू बरं, मले दवाखान्यात न्याचं काम पडलं तं याच्यात मावतो का,” म्हणाला आणि हळूच टेकत गाडीत आडवा झाला.

मावला. डोकं पुढच्या कठड्याला, टाचा मागच्या. हात दोन्ही अंगांना ठेवले तर नेमके कड्यांपाशी आले. मी हसत होते. तो हसत होता. मग त्याचं हसू थांबलं. फळीवर डोक्याखाली त्याला एक खोलगट जागा लागली होती, वापरून वापरून पडलेली. पाठीखाली दुसरी. टाचांखाली तिसरी. तो उठायला लागला, आणि त्याला उठता येईना. पाठ धरली होती. मी काखेत हात घालून त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याचं अंग घामानं भिजलं होतं, त्या थंडीत.

“ही माणसाच्या मापाची हाय,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी गाडी रफिकभाईंकडं नेली. त्यांनी ती दुरून पाहिली आणि चष्मा काढून ठेवला.

“ही तं किसनभाऊची गाडी व्हय. भाभी, तुमाले कोणी सांगतलं नाई?”

मग त्यांनी सांगितलं. रुळावर कुणी सापडलं, पूर्णेत कुणी वाहून आलं, बसस्टँडवर कुणी रात्रीतून थंडावलं, आणि नाव-गाव काही लागलं नाही, की किसनभाऊंना बोलावणं जायचं. ते ही गाडी जोडून जायचे. तिथून दवाखान्यात आणि दवाखान्यातून मातीत. वीस वर्षं. कडी आसापाशी रफिकभाईंनीच लावून दिली होती. मला दिलेला सल्ला ते त्या गाडीवरच शिकले होते.

“कापून टाका,” मी म्हणाले. “चार फुटाची करा. आजच करा.”

त्यांनी खडू घेतला आणि फळीवर रेघ ओढली. मशीन मात्र सुरू केलं नाही. “एकडाव मावशीले भेटून या,” म्हणाले. “मंग कापतो. मी कुठं जाऊन राह्यलो.”

रूळ ओलांडून गेले तेव्हा माझ्या डोक्यात राग होता. शांताबाई उन्हात वाती वळत बसल्या होत्या.

“मावशी, मले काऊन नाही सांगतलं?”

“सांगतलं असतं तं तू नेली असती काय?” त्या शांतपणे म्हणाल्या. “भंगारवाला दोनदा येऊन गेला. भंगारात कशी देऊ? किती लोकाईचे लेकरं गेले तिच्यावर. तू रोप नेणार म्हणली. मले वाटलं, जित्तं काही जाऊ दे एकडाव.”

मला बसायला पोतं दिलं. मी बसले. मग त्या सांगत गेल्या. किसनभाऊंनी पहिल्यांदा एक माणूस भाजीच्या हातगाडीवरून आणला होता. हातगाडी लहान, पाय बाहेर लोंबत होते. बाजाराचा दिवस. लोक पाहत होते. त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी फळ्या आणल्या, अंगणात स्वतः आडवे झाले आणि बायकोला म्हणाले, खडूनं माप घे. म्हणून सहा फूट, कुणाचेही पाय बाहेर राहू नयेत एवढी लांबी. कड्या चादर बांधायला, वाऱ्यानं उडू नये म्हणून. कठडे बुटके, चौघांना उचलता यावं म्हणून. चौघं बहुतेक वेळा मिळायचे नाहीत, पण बुटके ठेवले.

“आन् पेंढी?”

“रिकामी गाडी घेऊन निघाले का लोकं घाबरत ना वं. आता कोणाले आणाले चालला? ज्याचं माणूस घरी आलं नसन त्याच्या काळजात धस्स होये. म्हणून जाताना पेंढी टाकत. लोकाईले वाटे, कडबा आणाले चालला.”

त्यांनी वळलेली वात बोटांत धरून पाहिली. मी उठले. रफिकभाईंना जाऊन सांगितलं, कापू नका, बेअरिंगमध्ये ग्रीस भरा.

गावात बातमी माझ्याआधी पोचली होती. एका शेतकऱ्यानं निरोप पाठवला, रोप चांगलं आहे पण त्या गाडीतून नको. त्याचं रोप मी डोक्यावर नेलं, दोन खेपा. दुसरे दोघे आलेच नाहीत, त्यांचं रोप वाफ्यात मान जाड करत राहिलं. गाडी उभी असलेल्या बाजूची खिडकी प्रल्हाद लावून घ्यायचा. आणि मी? मी रोज तीच गाडी जोडत होते. भीती गेली नव्हती. धुक्यात एकटी असले की मान आपोआप मागं वळायची. पण आता मागं वळून मी पाहत होते ते पोतं नीट झाकलंय का एवढंच. ओल्या पोत्याचा कोपरा उडाला की मला चैन पडत नसे, खाली उतरून बांधायची.

मग तो माणूस आला.

सकाळचे सात वाजले असतील. मी जुड्या भरत होते. फाटकापाशी धुक्यात कुणीतरी उभं होतं, मफलर गुंडाळलेलं, पन्नाशीचं. बराच वेळ उभा असावा, कारण मफलरीवर दव जमलं होतं.

“किसनभाऊंची गाडी तुमच्याकडं आहे ना? मावशीनं पत्ता दिला. मी मलकापूरहून आलो.”

त्याचा धाकटा भाऊ, सुधाकर, घरातून रागानं निघून गेला होता. नांदुऱ्याच्या पुढं रुळावर सापडला. खिशात काही नव्हतं. घरचे त्याला दुसरीकडंच शोधत होते. तीन महिन्यांनी हा पोलीस ठाण्यात आला तेव्हा त्याला फोटो दाखवला, आणि यानं सदरा ओळखला. सदरा याचाच होता, धाकटा घालून गेलेला.

“मातीची जागा किसनभाऊंनी दाखवली होती,” तो म्हणाला. “पण खांदा नाही दिला मी. सहा वर्षं झाली. गाडी फक्त पाहायची होती.”

मी बाजूला झाले. तो गाडीजवळ आला. जुड्या भरलेल्या होत्या, हिरवी पात ओली, कांद्याच्या रोपाचा तिखट वास. त्यानं हात पोत्यावर ठेवला आणि तसाच उभा राहिला. मग विचारलं,

“थोडी ओढू का?”

नाही म्हणायला माझ्याकडं काय होतं? मी जोडकडीची पिन काढली. त्यानं गाडीची दांडी हातात घेतली आणि चालू लागला. मी सायकल हातात धरून मागून निघाले. दहा-वीस पावलं गेल्यावर मला कळलं की मी कशी चालतेय. कुणाच्या मागं, कुठल्या चालीनं. पाय थांबवावेत असं वाटलं. थांबवले नाहीत.

समोरून एक बैलगाडी आली. गाडीवानानं काही न विचारता बैल कडेला घेतले. धुक्यात बैलांच्या नाकातून वाफ निघत होती, घुंगरं हलत नव्हती. आम्ही गेलो. मागं पाहिलं तर बैलगाडी दिसत नव्हती, रस्ताही नव्हता.

पांदण जिथं फुटते तिथं एक कडुनिंब आहे. तिथं तो थांबला. दांडी हळूच जमिनीला टेकवली. चपला काढल्या. एक खडा उचलून बुंध्याशी ठेवला. मला कळलं, हा विसावा आहे. स्मशानाच्या वाटेवर तिरडी टेकवतात, आणि उचलताना पुढचे मागं होतात, मागचे पुढं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी सायकल झाडाला टेकवली आणि पुढं होऊन दांडी धरली. तो मागं गेला आणि ढकलू लागला.

एवढे दिवस त्या गाडीचं वजन मला कधी जाणवलं नव्हतं. त्या पांदणीत जाणवलं. पायाखाली ओल होती, चाकं रुतली असतील. हातांना रग लागली, खांदे भरून आले. मागून त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि मध्येच तो कुणाशी तरी अगदी हळू बोलत होता. शब्द कळले नाहीत. एकदा मात्र स्पष्ट ऐकू आलं, “थंडी वाजते का रे?” मी मान वळवली नाही.

रानात बायका सरी पाडून वाट पाहत होत्या. आम्हाला दोघांना येताना पाहून त्या उभ्या राहिल्या. एकीनं पोतं सोडलं. जुड्या हातोहात गेल्या, वाफ्यांवर वाकून त्यांनी लावायला सुरुवात केली. तो बांधावर उभा राहून पाहत होता. पहिला वाफा हिरवा झाला तेव्हा तो दांडाच्या वाहत्या पाण्यापाशी गेला. हात धुतले, पाय धुतले, तोंडावरून पाणी फिरवलं. ओला हात एकदा मफलरीला पुसला आणि पांदणीनं चालू लागला.

“भाऊ, चहा घेऊन जा!” मी हाक मारली.

तो थांबला नाही, वळला नाही. माती देऊन निघालेल्या माणसानं मागं पाहायचं नसतं, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा त्याचे खांदे धुक्यात गेले होते, मग मफलर, मग काहीच नव्हतं. दुसरी हाक मी मारली नाही.